उडी स्क्रूजची, रेषा टोकियोची

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी लहान मुले होती, त्यांना रविवारच्या दूरदर्शनची ओळख करून द्यायला नको. 'जंगल बुक'मधला मोगली, नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरणारा शेरखान आणि हिंदीतून भांडणारी 'डक टेल्स'मधली बदके यांच्यापायी कितीतरी घरांतल्या आंघोळी खोळंबल्या आणि पोहे गार झाले. यातला मोगली मूळचा जपानी मालिकेतला, हे निदान थोड्या लोकांना ठाऊक होते. बदकांविषयी मात्र कोणालाच शंका नव्हती. ती डिस्नेची, म्हणजे अमेरिकेची. नाण्यांनी भरलेल्या कोठारात पोहण्यासाठी सूर मारणारा अंकल स्क्रूज हा डॉलरच्या देशातला म्हातारा. तो दुसरीकडे कुठे घडणार?

त्याची कल्पना अमेरिकेतलीच, हे खरे. कार्ल बार्क्स या चित्रकाराने तो चित्रकथांत जन्माला घातला आणि डिस्ने कंपनीने १९८७ साली त्याला दूरचित्रवाणीवर आणले. पण त्या मालिकेचा पहिला हंगाम ज्यांनी रेखाटून हलता केला, ते कलावंत टोकियोत बसत होते. स्टुडिओचे नाव 'टोकियो मूव्ही शिन्शा', आद्याक्षरांनी 'टीएमएस'. १९८५ साली डिस्नेने दूरचित्रवाणीसाठी कार्टून मालिका काढायला सुरुवात केली, तेव्हाच्या 'गमी बेअर्स' आणि 'वझल्स' या पहिल्या दोन मालिकाही याच स्टुडिओच्या टेबलांवर तयार झाल्या. फ्रेंच-अमेरिकन 'इन्स्पेक्टर गॅजेट', स्टीव्हन स्पीलबर्गचे नाव लागलेली 'टायनी टून ॲडव्हेंचर्स', 'ॲनिमेनियाक्स', १९९२ची 'बॅटमॅन' मालिका या सगळ्यांत कमीअधिक प्रमाणात टीएमएसचा हात आहे. टीएमएस एकटी नव्हती. 'ट्रान्सफॉर्मर्स' आणि 'जी. आय. जो' यांचे बरेच काम तोएई या जपानी स्टुडिओत झाले आणि 'थंडरकॅट्स'चे पॅसिफिक ॲनिमेशन कॉर्पोरेशनमध्ये. एका पिढीला जे अमेरिकन बालपण म्हणून आठवते, त्यातले पुष्कळसे जपानी पेन्सिलीने काढलेले आहे.

यात नवल काय, असे कोणी म्हणेल. आपले शर्टही एका देशात बेततात आणि दुसऱ्या देशात शिवतात. माझे म्हणणे एवढेच आहे की ही शर्टाची उपमा इथे लागू पडत नाही. ती का पडत नाही, हे कळण्यासाठी हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहायला हवे.

लॉस एंजेलिसमध्ये पटकथा लिहिली जाई. नटांचे आवाज आधीच ध्वनिमुद्रित होत. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची चौकटीचौकटीतली कच्ची चित्रे, मॉडेल शीट, म्हणजे प्रत्येक पात्र पुढून, मागून, बाजूने कसे दिसते याचा नकाशा, रंगांचे नमुने, आणि एक्सपोजर शीट. हे शेवटचे प्रकरण मोठे किचकट. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी जातात. २२ मिनिटांचा एक भाग धरला तर ३१ हजार ६८० चौकटी झाल्या. त्यातल्या कोणत्या चौकटीत कोणते अक्षर उच्चारले जात आहे, पात्राने कधी भुवई उचलायची, कधी थबकायचे, याची ओळीओळीने नोंद या तक्त्यावर असते. हा सगळा भारा टोकियोला जाई. तिथे काही महिन्यांनी त्याची फिल्म होई आणि ती समुद्र ओलांडून परत येई. पसंत न पडलेली दृश्ये पुन्हा काढण्यासाठी टोकियोला कळवली जात.

आता जपानी ॲनिमेशनची स्वतःची रीत याच्या उलट. तिथे साधारणपणे चित्रे आधी होतात आणि नट नंतर त्या चित्रांवर आवाज देतात. त्यामुळे तोंडाच्या हालचालीचे लाड फारसे नसतात. मिटलेले, अर्धे उघडे आणि उघडे अशा तीन तोंडांवर संवादच्या संवाद निभावून जातात. अमेरिकन मालिकेला सात-आठ तऱ्हेची तोंडे लागत. ॲलन यंग या नटाने स्क्रूजला स्कॉटिश धाटणीचे इंग्रजी दिले होते. ज्याला साधे इंग्रजीही जेमतेम कळते अशा टोकियोतल्या चित्रकाराने तक्त्यावरच्या खुणा पाहून त्या उच्चारांना बदकाची चोच जुळवायची होती. बदकाला ओठ नसतात, ही आणखी एक गंमत. शिवाय चोचीबरोबर मान हलली पाहिजे, चष्मा किंचित घसरला पाहिजे, हातातली काठी आपटली पाहिजे. मॉडेल शीट वरून येते, पण त्या पात्राचे वजन किती, ते रागावले की आधी खांदे हलतात की भुवया, हे तक्त्यावर मावत नाही. ते काढणाऱ्याला ठरवावे लागते.

काढणाऱ्यांतही उतरंड असते. हालचालीतल्या कळीच्या क्षणांची चित्रे मुरलेला माणूस काढतो. जपानीत त्यांना 'गेंगा' म्हणतात. दोन कळीच्या चित्रांमधली चित्रे, म्हणजे 'दोगा', नवखे लोक भरतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते, अंगाला रंग देणारे हात अनेक असतात, पण डोळ्यांची आखणी ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडेच जाते. तसेच काहीसे हे. साचा एकच असला तरी एका मूर्तीचे डोळे आपल्याकडे पाहतात आणि दुसरीचे नुसतेच उघडे असतात.

याचा पुरावा हवा असेल तर 'बॅटमॅन' मालिका पाहावी. तिचे भाग वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या स्टुडिओंना वाटून दिलेले होते. लेखक, आराखडे, संगीत, देखरेख सगळे एकाच ठिकाणचे. तरी दोन भागांच्या चित्रणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. 'फीट ऑफ क्ले' या दोन भागांच्या कथेचा उत्तरार्ध टीएमएसने केला. मॅट हेगन नावाचा नट मातीचा राक्षस होतो आणि त्याला कोणाचेही रूप घेता येऊ लागते. शेवटी बॅटमॅन त्याच्या जुन्या भूमिका एकाच वेळी अनेक पडद्यांवर लावतो आणि हेगनचा स्वतःच्या देहावरचा ताबा सुटतो. एक चेहरा दुसऱ्यात वितळतो, म्हातारा तरुणात शिरतो, मधेच मूळ चेहरा वर येऊ पाहतो आणि बुडतो. पटकथेत हे दोन-चार ओळींत सांगून होईल. पडद्यावर ते पाहताना अंगावर काटा येतो, आणि तो काटा आणणारे लोक टोकियोतले आहेत. (आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे चढवून स्वतःचा हरवलेला नट, हा विषय नेमका याच स्टुडिओच्या वाट्याला यावा, हा योगायोगच; पण मला तो सोडवत नाही.) अमेरिकेतली चौकस मुलेही भाग सुरू झाला की रेषेवरून स्टुडिओ ओळखू लागली. शर्ट पाहून शिंपी ओळखणारी मुले काही सापडत नाहीत.

तेव्हा या लोकांना निर्मितीतले वाटेकरी मानायला हवे होते. प्रत्यक्षात श्रेयनामावलीत काय आले? लेखकाचे नाव, निर्मात्यांची नावे, आवाज देणाऱ्यांची नावे आणि अगदी शेवटी बहुधा एक ओळ: 'ॲनिमेशन सर्व्हिसेस', त्यापुढे स्टुडिओचे नाव. सर्व्हिसेस, म्हणजे सेवा. मोटार धुऊन देतात ती सेवा, टपाल पोचवतात ती सेवा आणि स्क्रूजला जिवंत करणे हीही सेवा. कधी एखाद्या दिग्दर्शकाचे नाव झळके, पण ज्यांच्या हातून ती हजारो चित्रे उतरली त्यांतले बहुतेक जण निनावीच राहिले.

यात सारा दोष अमेरिकनांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. तिकडच्या कार्टूनकारांचीही एक व्यथा होती. काम परदेशी चालले म्हणून लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या संघटनेने १९७९ साली संप केला आणि काही अटी पदरात पाडून घेतल्या. १९८२ साली पुन्हा संप केला आणि तो हरली. त्यानंतर दरवाजा सताड उघडला. टोकियोच्या चित्रकाराला मिळालेले प्रत्येक काम हे तिथल्या कोणाच्या तरी हातून गेलेले काम होते. आणि टोकियोचा चित्रकार तरी कुठे लठ्ठ पगार घेत होता? जपानी ॲनिमेशन उद्योगात नवख्याची कमाई चित्रामागे ठरते. जेवढी चित्रे, तेवढे पैसे. एरवी शिस्तीचा आणि आजन्म नोकरीचा दाखला म्हणून ज्या देशाकडे आपण बोट दाखवायचो, तिथलीच ही गोष्ट आहे.

मग टीएमएसने हे काम का घेतले? डॉलर मिळत होते, हे उत्तर झालेच. पण स्टुडिओचे संस्थापक युताका फुजिओका यांच्या डोक्यात आणखी एक खूळ होते. अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके याची 'लिटल निमो' ही १९०५ साली सुरू झालेली चित्रकथा. रोज रात्री स्वप्ननगरीत जाणारा आणि शेवटच्या चौकटीत पलंगावर जागा होणारा मुलगा. तिच्यावर डिस्नेच्या तोडीचा चित्रपट काढायचा, आणि तो टोकियोत काढायचा, असे या गृहस्थांनी घेतले. त्यासाठी सफाईदार, भरघोस हालचालीचे ॲनिमेशन येणारी माणसे हवीत. ती घडवण्याच्या उमेदीने १९७५ साली 'टेलिकॉम' नावाची उपसंस्था निघाली आणि यासुओ ओत्सुका या जाणत्या ॲनिमेटरने तिथे नवख्या मुलामुलींना हाताला धरून शिकवले. हायाओ मियाझाकी यांचा पहिला चित्रपट 'कॅसल ऑफ कॅग्लियोस्ट्रो' १९७९ साली याच मंडळींकडून झाला. पुढे अमेरिकन मालिकांतले उत्तमोत्तम काम याच टेलिकॉमच्या टेबलांवरून गेले. म्हणजे ज्या मुलांना स्वप्ननगरीसाठी तयार केले, ती मधली काही वर्षे बदके आणि अस्वले काढत होती.

'निमो'ची कहाणी मात्र करुण आहे. चक जोन्सपासून जॉर्ज लुकासपर्यंत अनेकांची दारे ठोठावून झाली. रे ब्रॅडबरी यांनी पटकथेवर काम केले, फ्रेंच चित्रकार मोबियस यांनी कल्पनाचित्रे दिली, डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन हे वयोवृद्ध गुरू सल्ला देऊन गेले. मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता आले आणि वैतागून निघून गेले. नमुन्यादाखल छोटी चित्रणे झाली, तीही अप्रतिम. पण प्रत्येक पाहुण्याबरोबर गोष्ट बदलत गेली. अखेर १९८९ साली जपानमध्ये आणि १९९२ साली अमेरिकेत चित्रपट लागला आणि पडला. दिसायला देखणा आणि आतून पोकळ असा तो चित्रपट पाहताना वाईट वाटते. इतके हात, इतके पैसे आणि इतकी थोर नावे. पण ही गोष्ट कोणाला आणि का सांगायची आहे, हेच कोणी ठरवलेले दिसत नाही. फुजिओका त्यानंतर या व्यवसायातून बाजूला झाले. अमेरिकेची मनधरणी करताना आपली स्वतःची गोष्ट सांगायची राहून जाते, हा धोका या कामात पहिल्यापासून दडलेला होता, आणि टीएमएसमधल्या ज्या माणसाकडे सर्वांत मोठे स्वप्न होते त्यालाच तो भोवला.

तरीही 'दुसऱ्याचे काम करून स्वतःचे काय भले होणार' हा आपल्याकडचा लाडका शेरा मला मान्य नाही. १९७२ साली तोरु हारा यांनी टोकियोत 'टॉपक्राफ्ट' हा स्टुडिओ काढला. त्याची रोजीरोटी म्हणजे रँकिन-बास या अमेरिकन निर्मात्यांची कामे. टॉल्किनच्या कादंबरीवरचा १९७७चा 'हॉबिट' आणि १९८२चा 'द लास्ट युनिकॉर्न' हे तिथेच रेखाटले गेले. या परक्या ड्रॅगनांवर आणि बुटक्यांवर हात साफ झालेल्या स्टुडिओत १९८४ साली मियाझाकींचा 'नौसिका' तयार झाला. पुढच्या वर्षी टॉपक्राफ्ट मिटले. खुद्द हारा आणि काही कलावंत नव्या 'स्टुडिओ जिब्ली'त गेले आणि दुसऱ्यांनी पॅसिफिक ॲनिमेशन काढून 'थंडरकॅट्स' हाती घेतले. एकाच घरातून दोन वाटा फुटल्या. एक जगप्रसिद्ध झाली. दुसरी पुढे डिस्नेने विकत घेतली, तिचे 'वॉल्ट डिस्ने ॲनिमेशन जपान' झाले आणि २००४ साली डिस्नेनेच तिला टाळे लावले. हात तेच, शिक्षणही तेच. फरक पडला तो कोणाची गोष्ट काढायची याने.

टीएमएसमध्ये तर या दोन्ही वाटा एकाच छताखाली होत्या. 'डक टेल्स' १९८७चे आणि कात्सुहिरो ओतोमो यांचा 'अकिरा' १९८८चा. एकीकडे मुलांची हसरी बदके, दुसरीकडे उद्ध्वस्त टोकियोचे भीषण चित्र. 'अकिरा'त एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यातले संवाद जपानी रिवाज सोडून चित्रांच्या आधी मुद्रित केले होते आणि पात्रांची तोंडे त्यांना काटेकोर जुळवली होती. हे कसब अमेरिकन मालिकांनी या स्टुडिओच्या हाताला रोजच्या सरावाने लावले होते. त्याचा 'अकिरा'ला काही उपयोग झाला नसेल, हे पटणे कठीण आहे.

हे पर्व संपले त्याचे कारण चित्रकलेत नव्हते. 'गमी बेअर्स' आणि 'वझल्स' १४ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेत सुरू झाल्या. बरोबर आठ दिवसांनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत देशांचे अर्थमंत्री जमले आणि डॉलर खाली आणायचे ठरले. तेव्हा डॉलरला सुमारे २४० येन पडत. १९८८ साली १३०च्या आसपास पडू लागले आणि एप्रिल १९९५मध्ये तर ८०हून कमी. चित्रकार तोच, त्याचा वेगही तोच, पण अमेरिकन गिऱ्हाइकाला तो दहा वर्षांत तिपटीने महाग झाला. कामे कोरिया, तैवान, फिलिपाइन्सकडे वळली. टीएमएसकडे काही वर्षे खास भाग येत राहिले. लग्नात रोजचे जेवण साध्या आचाऱ्याकडे आणि मुख्य पंगत नामांकिताकडे, तसे. मग तेही आटले. टीएमएस तगली, कारण १९८८ सालापासून 'आनपानमान' आणि १९९६ सालापासून 'डिटेक्टिव्ह कोनान' या स्वतःच्या देशासाठी केलेल्या मालिका तिच्या हाती होत्या. दोन्ही आजही सुरू आहेत.

ही सगळी कथा मराठी वाचकाने का वाचावी? कारण कोरिया-फिलिपाइन्सपाठोपाठ ते भारे आपल्याकडेही आले. मुंबई, हैदराबाद, तिरुवनंतपुरम येथल्या स्टुडिओंत गेली पंचवीस-तीस वर्षे परदेशी मालिकांचे काम चालते. आपण त्याचा उल्लेख निर्यातीच्या आकड्यांत करतो, कलेच्या पानावर क्वचितच. राम मोहन यांचे नाव 'रामायण' या भारत-जपान चित्रपटामुळे आपल्याला माहीत आहे, कारण ते सहदिग्दर्शक म्हणून पडद्यावर आले होते. बाकीच्यांची नावे कोठे आहेत? आता तर ओटीटीवर भाग संपतो न संपतो तोच नामावली आक्रसून कोपऱ्यात जाते आणि पुढचा भाग सुरू होतो. घरातल्या मुलांना गोष्ट कोणाची, हे आपण सांगतो. चित्र कोणाचे, हे सांगण्याचा रिवाजच आपल्याकडे नाही.

टीएमएसचा एक शेवटचा फेरा तर थेट मुंबईतून जातो. १९६८ साली या स्टुडिओने 'क्योजिन नो होशी' ही मालिका काढली होती. माजी खेळाडू असलेला गरीब, हट्टी बाप मुलाला बेसबॉलपटू करण्यासाठी त्याला अक्षरशः पिळून काढतो. जपानमध्ये तिने एक पिढी गाजवली. डिसेंबर २०१२पासून तीच कथा कलर्स वाहिनीवर 'सूरज : द रायझिंग स्टार' या नावाने आली. बेसबॉलचे क्रिकेट झाले आणि टोकियोची मुंबई. मुलगा इथल्या झोपडपट्टीत वाढणारा. या वेळी कथा होती टोकियोकडे आणि चित्रे हलवण्याचे काम होते हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटकडे. पंचवीस वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसहून भारा घेणारे आता भारा पाठवणाऱ्यांत जाऊन बसले होते, आणि मुंबईच्या गल्लीत मुंबईचा मुलगा चेंडू कसा टाकतो, हे हैदराबादेतली मुले टोकियोच्या आराखड्यावरून काढत होती. आपल्या नात्यात कोणी अशा स्टुडिओत काम करत असेल, तर सध्या तो कोणत्या देशाचे पात्र हलवतो आहे, आणि त्या पात्राचे रागावणे त्याने कोणाच्या चेहऱ्यावरून घेतले, हे एकदा विचारून पाहावे.